लचकमावशी

सिनेमा सुरू होऊन तासभर झाला होता आणि मनकर्णाबाईंना बाथरूमला जायचं होतं. शुगरच्या माणसाला थांबवत नाही. पण त्या रांगेच्या बरोबर मधल्या खुर्चीत, भिवापूरहून दोन गाड्या भरून आलेल्या गोतावळ्यात गुडघे जुळवून बसून होत्या.

पडद्यावर त्यांचा धाकटा दीर सुशील लुगडं नेसून चालत होता.

टीव्हीवरच्या कॉमेडीत सुशील सहा वर्षं बायकांची सोंगं करत आला. कधी जाडी नर्स, कधी तोतरी नवरी. आता त्या कार्यक्रमाचा सिनेमा निघाला होता आणि त्यात त्याला नवं सोंग मिळालं होतं, लचकमावशी. नागपूरच्या पहिल्या खेळाला तो स्वतः आला होता आणि याच रांगेत कडेच्या खुर्चीत बसला होता.

लचकमावशी उठायच्या आधी डावा हात गुडघ्यावर ठेवायची, "चाल वं माये" म्हणायची आणि मग पाय टाकायची. पाय टाकला की कंबर एका बाजूला बाहेर जायची. मागे उशी बांधलेली. दर पावलाला ढोलावर थाप पडायची. दूधवाला तिच्या मागेमागे तसाच चालायचा, आणि थिएटर हसून लोळायचं.

मनकर्णाबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत "चाल वं माये" म्हटल्याशिवाय त्या एकदाही उठल्या नव्हत्या.

पहिल्या पावलाला त्याही हसल्या, सवयीनं. दुसऱ्या पावलाला त्यांना कळलं. शेजारी त्यांचा नवरा, मनोहरराव, रुमालानं डोळे पुसत हसत होता. त्यानं एकदा वळून बायकोकडे पाहिलं. हसू मध्येच थांबलं. मग पडद्याकडे तोंड करून तो परत हसायला लागला. अख्खी रांग हसत होती, एकटा माणूस काय करणार बिचारा.

दुसऱ्या बाजूला सून, मुग्धा. ती हसत नव्हती, पण या कार्यक्रमाला ती कधीच हसत नसे. सकाळी गाडीतही तिचं तेच चाललं होतं. "आई, जाड्या बाईला हसायचं, तोतरीला हसायचं. यात विनोद कुठे आहे?" तेव्हा मनकर्णाबाईंनीच तिला गप्प केलं होतं. "तुले नाही समजत वं. माणूस दिवसभर राबते, घडीभर हसते. माहा दीर कोणाचं काही घेऊन राहिला का?" गाडीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

आता तेच बोलणं त्यांच्यावर उलटलं होतं. लाज वाटत होती, राग येत होता, आणि हे सगळं सुनेच्या शेजारी बसून सोसायचं होतं.

"आई, चला ना, मी येते बरोबर," मुग्धा कानाशी म्हणाली.

"बस चूप."

"अहो, पण तुम्हाला जायचंय ना? किती वेळ चुळबुळ करताय."

"मी आता उठली तं सारे मलेच पाहतीन."

मुग्धानं पडद्याकडे पाहिलं. मग सासूच्या गुडघ्यावर ठेवलेल्या हाताकडे पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं. ती नुसता तो हात धरून बसली. मनकर्णाबाईंना ते बोलण्यापेक्षा जड गेलं.

इंटरवल झाला. दिवे लागले. रांगेच्या एका टोकाला भिंत, दुसऱ्या टोकाला सुशील. बाहेर जायचा दरवाजा पायऱ्या चढून वर, सुशीलच्या बाजूनं. पायरीवर उभा राहून तो लोकांना फोटो काढू देत होता. रांग रिकामी झाली. आता थांबणं शक्यच नव्हतं.

तोंडातून शब्द काढायचा नाही, असं मनकर्णाबाईंनी ठरवलं. ओठ दाबून जोर लावला. गुडघा ऐकेना. मुग्धानं काखेत हात घालून ओढलं, तरी ऐकेना. शेवटी हात गुडघ्यावर गेलाच.

"चाल वं माये," त्या म्हणाल्या, आणि उठल्या.

पुढच्या रांगेतली दोन डोकी वळली. त्यांनी पाय टाकला, कंबर बाहेर गेली. कोणीतरी शिट्टी मारली. दुसऱ्या पावलाला मागच्या रांगेतल्या एकानं खुर्चीच्या पाठीवर थाप दिली, अगदी ढोलासारखी. तिसऱ्या पावलालाही दिली. "एऽऽ, सोडा हो ते," मुग्धा ओरडली. लोकांना वाटलं, तीही यातच आहे.

सुशीलशेजारी फोटोसाठी उभी असलेली एक मुलगी वळली. तिनं मोबाइल इकडे फिरवला.

"बाप्पा, काकू, डिट्टो! सर, पाहा न, तुमची केवढी मोठी फॅन. काकू, एक बार अजून करा न."

सुशीलनं पाहिलं. फोटोसाठीचं हसू त्याच्या तोंडावर तसंच राहिलं. ही माझी वहिनी आहे, एवढंच बोलायचं होतं. तो मोबाइलकडे पाहत उभा राहिला.

मनकर्णाबाईंनी गुडघ्यावरचा हात काढला नाही.

"मले कुठं जमते वं," त्या मुलीला म्हणाल्या. "याले सांग. माह्यापेक्षा हाच चांगला चालते."

मुलगी खूप हसली. आजूबाजूचे लोकही हसले. सुशील खाली मान घालून बाजूला झाला.

दरवाज्यापर्यंत अजून सहा पायऱ्या होत्या. मनकर्णाबाईंनी पाय उचलला. मागे थाप मारणाऱ्यानं परत हात उचलला.