बिनटायचा सूट

"टाय के साथ पहनेंगे या बग़ैर?" रईस मास्टरांनी विचारलं.

"बग़ैर," दिलीप म्हणाला. त्याच्या गळ्यातून नुसता वारा आला. मास्टरांना ऐकू गेलं नाही. शेवटी मीनानंच मोठ्यानं सांगितलं, "टाय नहीं लगाएँगे, मास्टरजी."

फेब्रुवारी सरत आला होता. इंद्रपुरीत उन्हं तापायला लागली होती, तरी दिलीपच्या गळ्याला मफलर होता. माप घ्यायला मास्टरांनी तो बाजूला केला आणि त्यांचे हात थांबले. कानाखालून निघालेला व्रण पार गळ्याखालच्या हाडापर्यंत उतरला होता. मधोमध, जिथे कधी श्वासाची नळी बसवली होती, तिथे एक खळगा होता.

"साब, बंदगला बना देता हूँ. सब ढक जाएगा."

दिलीपनं मान हलवली. मग मास्टरांच्या कानाजवळ तोंड नेऊन म्हणाला, "ढकना नहीं है. दिखना चाहिए."

मीनानं नवऱ्याकडे वळून पाहिलं. पुतण्याच्या लग्नासाठी स्वतःहून सूट शिवायला निघालेला नवरा बघून सकाळपासून ती खुशीत होती.

मास्टर कामाला लागले. लोकरीचं कापड परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी मिश्र धाग्याचं गडद निळं काढलं. जाकीट नको, अस्तर अर्धंच. शर्टाच्या कॉलरमध्ये मात्र दुहेरी बकरम घालायचं, म्हणजे टाय नसली तरी ती लोळणार नाही, दोन्ही बाजूंना ताठ उभी राहील.

"कोट का बटन ज़रा ऊपर लेते हैं. बिना टाय के सीना खाली-खाली लगता है."

"नीचे लो," दिलीप म्हणाला.

परतताना ऑटोत मीना म्हणाली, "अहो, भावजींवरचा राग मला कळतो. पण लग्न निनादचं आहे."



बारा वर्षांपूर्वी गाडी अनंत चालवत होता. दिलीपचा थोरला भाऊ. प्यायलेला होता. उभ्या ट्रकवर गाडी आदळली आणि काच दिलीपच्या गळ्यात घुसली. तो बेशुद्ध असतानाच अनंतनं पोलिसांना सांगून टाकलं, गाडी दिलीप चालवत होता, प्यायलाही तोच होता. दिलीप शाळेत इतिहास शिकवायचा. आवाज गेला आणि नावही गेलं. तो कुजबुजण्याइतका बरा झाला, तेव्हा आईनं त्याचे हात धरले होते. दादाची सरकारी नोकरी जाईल रे. आई गेल्यावरही तो गप्पच राहिला. अनंत मात्र ती गोष्ट चारचौघांत सांगत राहिला, दर वेळी थोडी रंगवून. त्याचा मुलगा निनाद तेवढा येऊन बसायचा काकाजवळ. कान पुढे करून ऐकायचा.

पत्रिकेसोबत अनंतचा निरोप होता : घरच्या सगळ्या पुरुषांनी सूट आणि टाय. स्टेजवर फोटो आहेत, दिलीपनं गळ्याचं जरा बघावं.

रिसेप्शन अयोध्या नगरच्या एका मॅरेज गार्डनमध्ये होतं. दिलीप आत आला तेव्हा दोघा-तिघा नातेवाइकांनी त्याला ओळखलंच नाही. खांद्यावर चपखल बसलेला कोट, पांढरा शर्ट, वरची दोन बटणं उघडी. निनादनं स्टेजवरूनच हाक मारली, "काका, इकडे! माझ्या शेजारी!"

अनंत हसत हसत जवळ आला आणि दातांतल्या दातांत म्हणाला, "वरचं बटण तरी लाव."

"आवळतं, दादा."

मुलीचे वडील ग्वाल्हेरचे पोतनीस. गृहस्थ साधे. एकुलती एक मुलगी देत होते आणि सकाळपासून त्यांचे डोळे भरून येत होते. फोटो झाल्यावर ते दिलीपजवळ आले. त्यांची नजर गळ्यावर गेली.

"हे काय झालं हो, भाऊसाहेब?"

दिलीपनं तोंड उघडायच्या आत अनंत पुढे सरसावला. "जुनी गोष्ट. गाडी हाच चालवत होता. थोडी जास्त झाली होती, काय सांगायचं तुम्हाला!" आणि हसला.

दिलीपनं भावाकडे पाहिलं. मग पोतनीसांना बोटानं जवळ बोलावलं. बँड वाजत होता. पोतनीस वाकले आणि त्यांनी कान त्याच्या ओठांशी नेला. दिलीप काहीतरी बोलला. एखादंच वाक्य असेल.

पोतनीस सावकाश सरळ झाले. त्यांनी अनंतकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत. मग दिलीपचा हात दोन्ही हातांत धरला आणि दाबला.

अनंतच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण रंग उतरला.

त्यानंतर तो धड जेवला नाही. पोतनीस कुणाशी बोलायला लागले की तो मध्येच जाऊन उभा राहायचा. त्याला पाहिलं की पोतनीस गप्प व्हायचे. दिलीपनं मात्र दोन वेळा मूगडाळीचा हलवा घेतला.

निघताना अनंत फाटकापर्यंत धावत आला. इतक्या वर्षांत दिलीपला पोहोचवायला तो कधी बाहेर आला नव्हता. त्यानं ऑटोचा दांडा धरला, कमरेत वाकला आणि कान पुढे केला.

"काय सांगितलंस त्यांना?"

दिलीपनं त्याला तसंच वाकलेलं राहू दिलं. मग म्हणाला, "त्यांनाच विचार."

ऑटो वळला. अनंत फाटकाशीच उभा होता. मीनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "काय सांगितलंत हो? निनादचं काय होणार आता?"

दिलीप तिच्या कानाशी झुकला.

"म्हटलं, निश्चिंत राहा. पोरगा बापावर गेलेला नाही."