कॅलेंडरवरच्या खुणा

विशाखाच्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र पूर्वी सरळ लोंबायचं. आता ते पोटावर आडवं टेकत होतं. चितेगावच्या कारखान्यात ते आधी बायकांच्या नजरेत आलं, मग घरी सासूच्या. विशाखाचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. सरूबाईंनी सुनेला काहीच विचारलं नाही, फक्त कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली. "डॉक्टर-बिक्टर काय नको. गावभर बोभाटा व्हईल. नऊ महिने भरू दे, मग कळंलच."

खुणा अकराव्या महिन्यात गेल्या आणि विशाखाला दोन घासही जाईनात, तेव्हा कुठं त्या तिला शहरात घेऊन आल्या.

सर्जननं स्कॅनवर बोट ठेवलं. "पोटाच्या मागच्या चरबीतून वाढलेली गाठ आहे. लाखात एखाद्याला होते. कॅन्सरचीच दिसतेय. तिनं डावी किडनी वेढलीय, गाठीबरोबर तीही काढावी लागेल. सहा महिने आधी आला असतात, तर किडनी वाचली असती."

सरूबाईंनी हात जोडले. "म्हंजे गाठच हाय नव्हं? लई उपकार झाले देवा, इज्जत वाचली!" वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला.

विशाखानं तो हात हळूच बाजूला केला. कितीदा तरी ओठांवर येऊन परत गेलेलं ती आज बोलली.

"ऑपरेशन करा, डॉक्टर. कागदावर पत्ता मात्र माहेरचा लिहा, हर्सूलचा. ह्यांच्या घरी मी आता जायची नाय."