ब्रेकची वायर

नानांची जुनी ऑटोमॅटिक गाडी महिन्यात दुसऱ्यांदा अडून बसली. ब्रेक दाबला तरी गिअर जागचा हलेना. गाडी ओढत गॅरेजमध्ये आणावी लागली.

"दुरुस्त करतोस की पुढच्या फेरीची सोय करून ठेवतोस?" नानांनी मिस्त्रीला फैलावर घेतलं.

मिस्त्री वाकून पेडलच्या मागे बघत होता. "नाना, ब्रेकची ही वायर निघाली की गिअर लॉकच राहतो. मागच्या खेपेला वाटलं, पाय लागून निघाली असेल. पण ही कुणीतरी हाताने काढलीय. घरात बघा जरा."

नानांच्या मनात पाल चुकचुकली. 'गाडी विकून टाका' म्हणून थोरला मुलगा कधीचा हात धुऊन मागे लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला जातो म्हणून ते घराबाहेर पडले आणि कोपऱ्यावरूनच गुपचूप माघारी वळले. गाडीचं दार उघडं होतं. पेडलखाली हात घालून त्यांची बायको आत वाकली होती.

"तू?" नाना गाडीच्या दाराशी येऊन उभे राहिले. "इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याशी ही लबाडी?"

गुडघ्यावर हात टेकत ती सावकाश उठली. तिचे डोळे भरून आले होते.

"अहो, घरचा रस्ता चुकून आलात, त्या दिवशी ही वायर तुम्हीच मला दाखवलीत. म्हणालात, उद्या मी हे विसरेन, तुझ्यावरच संशय घेईन, तरी मला गाडी चालवू देऊ नकोस."