सीलंट वाळेपर्यंत

"दाब. अजून दाब. कोपऱ्यात दाब की, मधी काय दाबतोयस," लालासाब मेस्त्री गाडीच्या आतून खेकसला.

विश्वजित बॉनेटवर ओणवा होऊन दोन्ही तळव्यांनी काच दाबत होता. जुनी फियाट त्याच्या बापाची, आण्णांची. पुढच्या काचेभोवती नवं रबर, रबराच्या खाचेत बसवलेली नायलॉनची दोरी आणि सगळीकडं साबणाचं पाणी. लालासाब आत बसून दोरीचं टोक ओढत होता. दोरी सुटेल तशी रबराची कड पत्र्यावर चढत होती. ह्या कामाला दोन माणसं लागतात आणि दोघांचा जोर एकाच जागी पडावा लागतो, नाहीतर काच गेलीच म्हणून समजा. ही तर जयसिंगपूरच्या भंगारातनं हुडकून आणलेली. दुसरी कुठं मिळणार?

शेवटचा कोपरा चढला. लालासाबनं रबराखाली सीलंट भरलं, कडेचं बोटानं पुसून घेतलं आणि बाहेर आला.

"झालं. उद्या ह्याच टायमाला घिऊन जा."

"मला आत्ता पाहिजे, चाचा."

"आत्ता न्हाय मिळायची. खालचा पत्रा गंजून गेलाय. तिथं काच निस्त्या सीलंटवर हाय. वाळाय रात्र जाती."

विश्वजितला खरं सांगता येईना. डॉक्टरांनी सकाळीच हात टेकले होते. आजचा दिवस निघाला तरी पुष्कळ, म्हणाले होते. आण्णांनी एकच मागितलं होतं. आपल्या गाडीतनं एकदा पन्हाळ्याला जाऊन यायचं. पण विश्वजित घरातनं निघताना आईनं, धोंडुबाईनं, बजावलं होतं, "कुणाम्होरं तसलं वंगाळ बोलू नगंस. बोललं की हुतंय." त्या घरात मरणाचं नाव कधी काढत नसत. माणूस अंथरुणावर शेवटच्या घटका मोजत असला, तरी 'जरा अशक्तपणा आलाय' म्हणायची रीत. म्हणून तो तोंडाला आलं ते बोलून गेला.

"फोटो काढायचेत. रील करायचंय."

झालं, लालासाबचं टाळकं सटकलं. "रीलसाठी व्हय? वर्षभर फोन करतोय मी तुला, आण्णांची गाडी काचेबिगर पडलीया म्हणून. तवा फिरकला न्हाईस. आन् आज रील?" त्यानं किल्ली खिशात टाकली.

त्याचं काही चुकलं नव्हतं. वर्षभर विश्वजितनं आज करू, उद्या करू केलं होतं. आता त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती. तो तिथंच फरशीवर बसला.

"आण्णा जायला लागलेत, चाचा. त्यांना पन्हाळ्याला जायचंय."

आण्णांच्या गाडीवरच लालासाब हे काम शिकला होता. त्यानं काचेच्या खालच्या कडेवरून बोट फिरवून बघितलं.

"घाटात एक खड्डा लागला, तर ही काच त्यांच्या छातीवर येईल. गाडी हलवायची न्हाय. त्यास्नी हितं घिऊन ये."

शेजाऱ्याच्या व्हॅनमधून आण्णांना उद्यमनगरात, लालासाबच्या गॅरेजात आणलं. चौघांनी उचलून पुढच्या सीटवर बसवलं, दोन्ही बाजूंनी उशा लावल्या. त्यांच्या डोळ्यांना आता उजेड-अंधार तेवढा कळत होता. लालासाब स्टिअरिंगवर बसला. खिडकीशी त्यानं टेबलफॅन लावून ठेवला होता. इंजिन चालू झालं, तशी जुनी गाडी थरथरायला लागली. विश्वजितनं बाहेरून पुन्हा काच दाबून धरली. पलीकडं वीतभरावर बापाचा चेहरा होता. त्याला रडू आवरत नव्हतं आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"शिवाजी पूल गेला, आण्णा," लालासाब म्हणाला. त्यानं हॉर्न दिला, रेस वाढवली. थोड्या वेळानं म्हणाला, "केर्ली गेलं." मग, "वाघबीळ आलं. आता घाट."

"वारं सुटलं रं, लाला," आण्णा म्हणाले.

"व्हय. गडावर आलो की."

आण्णांनी चाचपडत लालासाबची बाही धरली आणि त्याला जवळ ओढलं. आवाज इतका बारीक, की काचेबाहेर जाणं शक्य नव्हतं.

"चाळीस वर्सं चालीवली ही गाडी म्या. गिअर पडलाच न्हाय, ते कळतंय मला."

लालासाबचा पाय रेसवरून निघाला.

"पोरगं बाहीर हाय न्हवं?"

"हाय, आण्णा."

"मग त्याला म्हणावं, आण्णा पन्हाळा बघून आलं."