हिरवा ठिपका

"चौदा महिने तू काय झोपली होतीस का?" सुहाससरांनी फोनवर विचारलं. "रेझ्युमेत एवढं मोठं भगदाड ठेवलंस तर पहिल्याच चाळणीत उडशील. काहीतरी भर. पाच वाजता मी अर्ज पुढे पाठवतोय."

सृष्टीने रेझ्युमेतल्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. सुहाससर लोणावळ्यात कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे. जुन्या मुलामुलींना नोकऱ्या लागाव्यात म्हणून पदरचा वेळ घालवणारा भला माणूस. त्यांच्याशी खोटं बोलणं तिच्या जिवावर यायचं. नोकरीही चांगली होती. मळवलीच्या घरात बसून ग्राहकांच्या तक्रारी सोडवायच्या, पण कॅमेऱ्यासमोर आणि स्वतःच्या नावाने. तिला ती हवीच होती. रोज कुणीतरी आपल्याला सृष्टी म्हणून हाक मारेल, एवढ्यासाठी तरी हवी होती.

"घरीच होते, सर," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

घरी होती हे खरं. रिकामी होती हे खोटं. चौदा महिने ती हेच काम करत होती, फक्त सत्यमच्या नावाने. आणि सत्यम, तिचा थोरला भाऊ, चौदा महिन्यांपूर्वी जुन्या हायवेवर अपघातात गेला होता.

त्याच्या कंपनीला ते ठाऊक नव्हतं. तिथल्या कुणी सत्यमला कधी पाहिलंच नव्हतं. मिक्सर विकणारी कुठली तरी दूरची कंपनी. ग्राहकांनी लिहून विचारायचं, सत्यमने लिहून उत्तर द्यायचं. तो जेवायला उठला की सृष्टी त्याच्या जागी बसायची. त्यामुळे तिला सगळं येत होतं, पासवर्डसुद्धा.

दहाव्याला इंद्रायणीकाठी कावळा शिवेना. तासभर सगळे ताटकळले. धोंडिबाकाकांनी मोठ्याने सांगून पाहिलं, "सत्या, तुज्या आईबापाला आमी अंतर देनार न्हाई रं!" कुणी त्याच्या नव्या गाडीचं नाव घेतलं, कुणी बहिणीच्या लग्नाचं. कावळे समोरच्या बाभळीवर ढिम्म बसून. शेवटी सृष्टीने डोळे मिटले आणि मनात म्हटलं, 'दादा, तुझं काम मी बंद पडू देणार नाही.' डोळे उघडले तेव्हा कावळा पिंडाला चोच लावत होता.

दुसऱ्या दिवशी तिने लॅपटॉप उघडला. सत्यमच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला. माणूस कामावर हजर असल्याची ती खूण. खाली कुणीतरी विचारत होतं, "सत्यम, आहात का?"

"आहे," तिने लिहिलं.

तेव्हापासून तो आहेच. ज्यांच्या मिक्सरची झाकणं बसत नाहीत ते त्याच्यावर आधी चिडतात आणि मग त्याला दुवा देतात. वडील एका बंगल्याच्या राखणीवर असतात, घरी आले की पाहून न पाहिल्यासारखं करतात. आईला, लीलाबाईला, वाचता येतं बेताचंच, पण तो ठिपका तिला कळतो. दुपारी ती दोन कप चहा आणते. एक सृष्टीला देते. दुसरा लॅपटॉपशेजारी ठेवते आणि त्यावर साय धरली की मुकाट्याने उचलून नेते. दोघींनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढलेला नाही.

आता साडेचार वाजत आले होते. रेझ्युमेतली जागा तशीच मोकळी होती. खरं लिहावं, तर नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करणार. मग सत्यम दुसऱ्यांदा जाणार. आणि गेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडणार. त्यापुढे काय होईल याचा विचार करायचीही तिला भीती वाटत होती. ती चार शब्द लिहायची, पुसायची. मधेच मिक्सरवालं कुणी आलं की सत्यम होऊन उत्तर द्यायची.

"सृष्टे, चहा झालाय!" आईने स्वयंपाकघरातून हाक मारली. उत्तर नाही. "सृष्टे! अगं ए सृष्टे!"

तिसरी हाकही वाया गेली. आई दोन्ही कप घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. पाठमोऱ्या पोरीकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "सत्या?"

"काय गं आई?" सृष्टीने मागे वळून विचारलं.

आईने दोन्ही कप खाली ठेवले. आपण कुठल्या हाकेला ओ दिली हे सृष्टीच्या ध्यानात आलं.

"मी शब्द दिलाय गं त्याला," ती रडायलाच लागली. "दहाव्याला. तुझं काम बंद पडू देणार नाही म्हटलं, तेव्हाच कावळा शिवला."

आई भिंतीला टेकून खाली बसली.

"तुज्या शब्दाला न्हाई शिवला, पोरी. मी बी तवाच मनात बोलले व्हते. म्हनलं, सत्या, निवांत जा. तुज्या जागी मी सृष्टीला बसू देनार न्हाई." तिने लॅपटॉपकडे पाहिलं. "आन दुसऱ्याच दिशी त्यो ठिपका दिसला. मग माज्यानं तुला उठवंना गं."

मग आईने एक कप सृष्टीपुढे सरकवला. दुसरा उचलून स्वतःच्या तोंडाला लावला.

पडद्यावर कुणीतरी विचारत होतं, "सत्यम, आहात का?"

"सत्यम आता नाहीत," सृष्टीने लिहिलं. "मी त्यांची बहीण सृष्टी. चौदा महिने मीच बोलते आहे."

हीच तीन वाक्यं तिने रेझ्युमेतल्या मोकळ्या जागेत उतरवली, आणि मग आईला जवळ बसवून तो हिरवा ठिपका विझू दिला.