पिवळा वाळा

“हात काढा की खिशातून. तोल गेला तर सावरणार कशाने?”

“गार वाटतंय गं.”

“गार! पुढे झरा उकळतोय आणि यांना गार वाटतंय.” बायको मागून चालता चालता पुटपुटली. “गेल्या आठवड्यातच शिवलाय तो खिसा. पार चाळण झाली होती त्याची. आता पुन्हा फाडा.”

त्याने उजवा हात काढला नाही. डाव्या खांद्यावर दुर्बिणीची तिपाई सावरत तो तळ्याच्या कडेकडेने चालत राहिला. पायांखाली खाराचा पापुद्रा कुरकुरत होता. हवेत गंधकाचा वास होता. आभाळ राखेसारखं उतरलेलं, पाणी शेवाळी, कडा पांढऱ्याफटक. आणि दूर रोहित पक्ष्यांचा गुलाबी पट्टा, कुणी भिजलेलं कापड पसरून विसरून जावं तसा.

एकतीस वर्षं तो हे पक्षी मोजत आला होता. महिनाअखेरीला निवृत्ती. मग वनखात्याच्या चौकीची किल्ली परत द्यायची आणि या वाटेला यायचं कारण संपलं. दर हिवाळ्यात तो एकटाच यायचा. यंदा ती म्हणाली, मीही येते. त्याने रस्ता वाईट म्हणून पाहिलं, वास सहन होणार नाही म्हणून पाहिलं, तिच्या गुडघ्यांचा विषय काढला. ती पिशवी भरून दारात उभी.

“आपली आली असेल ना यंदा?” तिने विचारलं.

“हजारांतून एक शोधायची, अगं. त्यात माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू.”

“अकरा वर्षं शोधलीतच की. कधी लंगडत होती म्हणालात, कधी जोडीदार होता म्हणालात. सगळं लक्षात आहे माझ्या.”

त्याच्या जिभेवर काहीतरी आलं. सकाळपासून येत होतं. त्याने ते पुन्हा गिळलं.

बारा वर्षांपूर्वी लेक हट्टाने त्याच्याबरोबर इथे आली होती. नऊ वर्षांची. पिल्लांच्या पायांत कड्या घालायचे दिवस होते. एक राखाडी पिल्लू तिने पोटाशी धरलं आणि त्याने पिल्लाच्या डाव्या पायात पिवळी कडी चढवली. आकडा चार-एक-सात. “बाबा, ही मळकीच आहे. हिला आंघोळ घाला की!” म्हणत पोर खिदळली. मग पिल्लाचा कान सापडेना म्हणून त्याच्या मानेशीच गुणगुणली:

‘वाळा घातला पायाला,
जाताना सांग आईला.’

त्याच वर्षी पोर तापाने गेली. चार दिवसांत. काही सांगायला सवडच झाली नाही.

पोरीची आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. महिने गेले. हिवाळ्यात तो तळ्यावरून घरी परतला तेव्हा भिंतीकडूनच आवाज आला, “आपल्या पोरीचं पिल्लू दिसलं का?”

“दिसलं,” तो म्हणाला.

ती उठून बसली. पाणी मागितलं. मग फणी मागितली. तेव्हापासून दरवर्षी तोच प्रश्न, तेच उत्तर. आणि त्या एका शब्दावर तिचं वर्ष निघायचं.

वाटेत काठाशी काही पांढरं आडवं पडलं होतं.

“दगड आहे का हो?”

“दगडच. चल.”

ती थांबली. खाराने लिंपलेली लांब मान, वाकडी चोच, चुन्यात बुडवून काढल्यासारखे पंख. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं.

“दगडच,” ती म्हणाली आणि पुढे झाली.

झरा आला. इथलं पाणी गरम, पण गोडं. तळ्याच्या खारात पक्ष्यांच्या पायांवर, कड्यांवर पुटं चढतात. ती धुवायला आणि चोचभर पाणी प्यायला सगळे इथेच येतात. कडीवरचा आकडा वाचायचा तर इथेच. त्याने एका हाताने तिपाई रोवली, डोळा लावला. वाफेत नुसतं गुलाबी धुकं हललं.

“काय हो?”

“अगं, तुला एक सांगायचं होतं...”

“सरका.”

आयुष्यात तिने कधी दुर्बिणीला डोळा लावला नव्हता.

“कुठला मिटू?”

“डावा.”

“आणि फिरवायचं काय?”

“ही चकती. हळू. घड्याळाची किल्ली नाही ती.”

ती बघत राहिली. तो तिच्या पांढऱ्या झालेल्या भांगाकडे बघत राहिला. परतताना गाडीत ही कुठे तोंड करून बसेल, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं.

“अहो.” तिचा आवाज अगदी बारीक झाला. “डावा पाय. पिवळा वाळा.”

त्याचा उजवा हात खिशात चाचपडला.

“चार... एक... थांबा, पाय उचललाय बाईने. सात.”

“नीट बघ गं.”

“आता मला आकडे शिकवा! चार-एक-सात. पाय धुतेय. आणि मागे मागे एक राखाडी. मळकं. अहो, पिल्लू आहे तिला.”

वाफ अंगावरून गेली. तिचा डोळा दुर्बिणीला चिकटलेला होता, मिटलेल्या डोळ्याखालचा गाल हनुवटीपर्यंत ओला होता.

“वहीत लिहा,” ती न वळता म्हणाली. “तुमची शेवटची नोंद. लिहा, मी बघितलंय.”

त्याने खाली बसून चौकीची वही मांडीवर उघडली. पेन्सिल वहीच्या दोऱ्याला बांधलेली होती. लिहायचं तर उजवा हात खिशातून काढणं भाग होतं.

त्याने तो काढला. मूठ उघडली. तळहातावर पिवळी कडी होती, अकरा वर्षांपूर्वी मेलेल्या पक्ष्याच्या पायातून पकडीने कापलेली, आकड्यांच्या खाचांत पांढरा खार अजून धरून राहिलेली: चार-एक-सात.