मामांची माफी

ऐक तर आधी, वासिती, मग बोल. आमचे रग्बीचे कोच म्हणजे माझे अपिसाई मामाच. त्यांनी मला टीममधून काढलं तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "सेरेआना, तू पळतेस की खेकडे वेचतेस? जा, आईला कसावा सोलू लाग."

मग वर्षभर मी रोज शाळेआधी वाळूची टेकडी पळत चढले. पहिल्या आठवड्यात दोनदा चढले की ओकायचे, शेवटी शेवटी न थांबता वीसदा चढायला लागले, आणि शेजारच्या गावाने मला टीममध्ये घेतलं. फायनल कुणाशी, तर मामांच्याच टीमशी.

आदल्या संध्याकाळी मामा यांगोनाच्या मुळांची जुडी, माफी मागताना पुढे ठेवतात ती, घेऊन आले आणि आमच्या चटईवर मान खाली घालून बसले. "पोरी, चुकलं माझं. शेवटी आपण मामा-भाची, उद्या जरा सांभाळून घे." आता मोठ्यांसमोर अशी जुडी कुणी नाकारतं का? हात लावला की राग संपला. बाबा माझ्याकडेच बघत होते. लावला मी हात.

दुसऱ्या दिवशी मी एकटीने पाचदा चेंडू त्यांच्या रेषेपार टेकवून पाच ट्राय केले, त्यातले तीन मामांच्या अगदी नाकासमोरून पळून.



संध्याकाळी मामांच्या घरी सगळं गाव बसलेलं असताना मीही एक जुडी घेऊन गेले, त्यांच्यासमोर मान खाली घालून बसले आणि म्हणाले, "मामा, चुकलं माझं." सगळं गाव बघत होतं; लावला त्यांनीही हात. सांग, माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?